सोलापूरच्या कंबर तलावात तरंगती बेटं सोडली तर पाणी सुधारेल का?

माळरान · रविवार, सकाळी ९:४०

आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या गटात सध्या दुसरा विषय नाही. एकाने हैदराबादच्या नेकनामपूर तलावाचा व्हिडिओ टाकला आणि निम्मा गट त्यावर भाळला. तिथे २०१८ साली जागतिक पाणथळ दिनाला, म्हणजे २ फेब्रुवारीला, सुमारे ३,००० चौरस फुटांचं तरंगतं बेट पाण्यात सोडलं. खाली बांबू, त्यावर थर्माकोलचे ठोकळे, मग गोणपाट, वर खडी आणि त्यात वाळा, कर्दळ, पाणकणीस अशी झाडं. मुळं पाण्यात लोंबतात आणि घाण खातात म्हणे. वीज नको, रसायन नको, वर दिसायलाही छान.

आपल्या कंबर तलावात हे चालेल का? किंवा सिद्धेश्वर तलावात? कधी पाणी हिरवंगार, कधी नुसता वास. गटातून थोडीफार वर्गणी जमेल, ओळखीचे एक-दोन इंजिनिअर आहेत, हात राबवायला कॉलेजची पोरं मिळतील. रीतसर परवानगी मागायच्या आधी इथे विचारावं म्हटलं. कुणी प्रत्यक्ष केलंय का? खर्च किती, टिकतं किती? आणि पाणी खरंच सुधारतं की फोटोच चांगले येतात?

एक विनंती, 'आपल्याकडे काही होत नाही' असा प्रतिसाद कृपया नको.

कडकभाकरी · रविवार, सकाळी ९:५२

आपल्याकडे काही होत नाही.

(राहवलं नाही. हलके घ्या.)

गिरणीचा_भोंगा · रविवार, सकाळी १०:१५

तलावात तरंगती बेटं आधीपासून आहेत की मालक. जलपर्णी म्हणतात त्यांना. वर्गणी न काढता आली, परवानगी मागत बसली नाही, आणि कितीदा काढली तरी रुसून गेली नाही. आता तिच्या शेजारी आपण पैसे देऊन आणखी झाडं लावायची? बरं.

पाणकोंबडी · रविवार, दुपारी १२:३०

माळरान, झाड स्वतः घेतं ते थोडंच, जास्त काम मुळांवरचे जिवाणू करतात. असा मुळांचा झुबका बाहेर काढून हात फिरवलात तर बुळबुळीत लागेल, बरेच दिवस न घासलेल्या माठाच्या आतून बोट फिरवल्यासारखं. तो थर म्हणजे जिवाणूंची वस्ती. सांडपाण्यातल्या अमोनियाचं त्यातले काही जिवाणू प्राणवायू वापरून नायट्रेट करतात. थराच्या आतल्या बाजूला प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणजे नायट्रोजन पाण्यातून निघून हवेत जातो. शिवाय बारीक गाळ मुळांत अडकतो, जड झाला की तळाला बसतो. बेटाची सावली पडते, तेवढ्या भागात शेवाळाला ऊन मिळत नाही.

फॉस्फरसला मात्र हवेत जायची वाट नाही. तो एक तर झाडात जातो, नाही तर गाळात. झाड वेळेवर कापून बाहेर नेलं नाही तर पानं पिकून पाण्यात गळतात, कुजतात आणि सगळा फॉस्फरस परत तिथेच. बेट सोडतानाचे फोटो भरपूर दिसतात, कापणीचे शोधून सापडत नाहीत, हा माझा या विषयातला सगळ्यात मोठा आक्षेप.

भोंगा, जलपर्णीसुद्धा हेच काम करते, आणि झपाट्याने करते. सांडपाणी आणि ऊन दोन्ही मिळालं की दोन आठवड्यांत दुपटीवर जाते. पण तिला आवर घालता येत नाही. तलावभर चादर झाली की पाण्याला हवा लागत नाही आणि खालचं सगळं गुदमरतं. बेट निदान चौकटीत राहतं, दोरी ओढली की काठाला येतं.

शेंगाचटणी · रविवार, दुपारी १:०५

डास वाढतील का? आधीच संध्याकाळी तिकडे उभं राहवत नाही. बाकी वरचा प्रतिसाद वाचून ज्ञानात भर पडली, धन्यवाद ताई.

पाणकोंबडी · रविवार, दुपारी १:२०

मासे असतील तर सहसा नाही. मुळांच्या जाळ्यात लहान मासे दडून राहतात, अळ्या खातात. गप्पी सोडले तर आणखी बरं. पण पाण्यात प्राणवायूच नसेल तर मासे नाहीत, मासे नाहीत तर डास आहेतच.

डाळिंबवाला · रविवार, रात्री ८:४५

प्रत्यक्ष केलंय का विचारलंय म्हणून लिहितो. तलावात नाही, शेततळ्यात केलंय. सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे, शेततळं प्लास्टिकच्या कागदाचं. उन्हाळ्यात पाणी हिरवं व्हायचं आणि ड्रिपचा फिल्टर चोंदायचा. सकाळी मोटर चालू करून जेवायला बसावं तर घास हातात असताना गडी सांगत यायचा, प्रेशर पडलं. जाळी काढून बघावी तर हिरवा लगदा. मग मोरचूद टाकायचं. चार दिवस पाणी साफ, मेलेलं शेवाळ तळाला, आणि पुन्हा पहिलेपासून.

एका कृषी प्रदर्शनात तरंगता वाफा बघितला आणि घरी करून पाहिला. बांबू वापरला नाही, तो पाणी पिऊन जड होतो आणि कुजतो. थर्माकोल तर बिलकुल नको, उन्हाने भुगा होतो आणि ते पांढरे दाणे फिल्टरमध्ये येतात. माझ्याकडे स्प्रिंकलरचे जुने एचडीपीईचे, म्हणजे जाड प्लास्टिकचे, पाइप पडले होते. दोन्ही टोकं बंद करून त्याची चौकट केली, खालून मासेमारीची जाळी ताणली, वर शेडनेट, मध्ये काथ्या भरला. मातीचा कणही नाही. ओढ्यातला लव्हाळा आणि परसातली कर्दळ लावली, थोडा वाळा लावला. केबल टाय वापरू नका, एका उन्हाळ्यात कटाकट तुटतात. नायलॉनच्या सुतळीने बांधा.

नांगर टाकायचा नाही, कागद फाटतो. चारी कोपऱ्यांना दोऱ्या लावून काठावरच्या लोखंडी खुंट्यांना बांधल्या. दोरी सैल ठेवायची, पाणी खाली गेलं की वाफा एका बाजूने लटकतो नाही तर.

पहिली लावण पाणकोंबड्यांनी खाल्ली. ताई, तुम्हाला नाही म्हणत. ती जांभळी, लाल चोचीची. कोवळा कोंब पायात धरून बोरूसारखा सोलून खाते. दुसऱ्या वेळी वरून जाळी टाकली तेव्हा लव्हाळा धरला.

फायदा? फिल्टर आता पूर्वीइतका धुवावा लागत नाही. पण त्याच सुमारास मी गोठ्याचं पाणी शेततळ्यात यायचं बंद केलं होतं. त्यामुळे श्रेय वाफ्याचं किती आणि गोठ्याकडच्या चराचं किती, हे मला विचारू नका. मनातून विचाराल तर चराचं जास्त.

पाणकोंबडी · रविवार, रात्री ९:१०

माझ्या नातेवाइकांच्या वतीने दिलगीर आहे. 😀

कडकभाकरी · रविवार, रात्री ९:१४

संस्थळावरच्या सदस्याने दुसऱ्या सदस्याचं पीक खाल्ल्याची ही पहिलीच नोंद असावी.

भीमाकाठ · सोमवार, सकाळी ७:३०

तलाव राहू द्या बाजूला, आपण पितो त्या पाण्याचं बघा. उजनीत पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत येऊन साठतं. उन्हाळ्यात भिगवणकडे जाऊन बघा, काठाला हिरवा रंग कालवल्यागत पाणी. रोहित पक्षी मजेत आहेत, त्यांना शेवाळ आवडतं. आपल्याला आवडत नाही. धरणाची क्षमता ११७ टीएमसी, त्यातले ६३ च्या आसपास तर मृतसाठा. त्यात किती बेटं सोडणार? आणि पातळी अशी वरखाली होते की चार महिन्यांत बेट शेतात बसलेलं सापडेल. पंढरपूरला चंद्रभागेसाठी २०१६ पासून 'नमामि चंद्रभागा' चालू आहे, तिथेही घोडं अडतं ते वरून येणाऱ्या सांडपाण्यावरच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेंगाचटणी · सोमवार, सकाळी ७:५५

आधी नळाला रोज पाणी येऊ दे, मग त्याचा रंग बघू. चार-पाच दिवसांनी येतं तेव्हा आम्ही हिरवं-निळं काही न बघता पिंप भरतो.

गिरणीचा_भोंगा · सोमवार, सकाळी ८:२०

+१. आणि येतं तेही पहाटे तीनला.

माळरान · सोमवार, सकाळी ८:४०

धागा पाणीपुरवठ्याकडे वाहत चाललाय, दोरी सैल ठेवलेली दिसते. उजनीत बेटं सोडायला मी म्हणत नाहीये हो. एक तलाव, शहरातला, मर्यादित आकाराचा. डाळिंबवाले साहेब, अतिशय उपयुक्त प्रतिसाद. चौकटीला खर्च किती आला?

डाळिंबवाला · सोमवार, दुपारी १:३०

पाइप घरचाच असल्याने जाळी, शेडनेट, काथ्या आणि सुतळी एवढाच. विकत घ्यायचं तर सगळ्यात जास्त पैसे पाइपात जातात. भंगारात जुना स्प्रिंकलरचा पाइप किलोवर मिळतो, तो बघा. फक्त चीर नाही ना ते पाण्यात बुडवून तपासा, आत पाणी शिरलं की चौकट तिरकी होते.

ओढ्याचा_इंजिनिअर · सोमवार, रात्री १०:०५

सांडपाण्याच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं गणित मांडतो. ढोबळ आहे, पण डोळे उघडायला पुरेसं आहे.

एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण १० ग्रॅम नायट्रोजन सांडपाण्यात जातो. तरंगत्या बेटाचा एक चौरस मीटर, झाडं जोमात असतील आणि ऊन चांगलं असेल तर, दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम नायट्रोजन काढतो असं धरू. हे मी हात सैल सोडून धरतोय. म्हणजे एका माणसामागे दहा ते वीस चौरस मीटर बेट हवं. आता नेकनामपूरच्या आकाराचं, ३,००० चौरस फुटांचं, म्हणजे साधारण २८० चौरस मीटरचं बेट घ्या. किती माणसांची घाण झाली? पंधरा ते तीस. एखादा जुना वाडा. तलावाला येऊन मिळणाऱ्या एका नाल्यामागे किती वस्ती आहे ते ज्याचं त्याने मोजावं.

त्यामुळे क्रम असा लागतो: मैलापाणी तलावात येतंय का ते आधी बघा, येत असेल तर ते वळवून शुद्धीकरण केंद्राकडे न्या. वळवता येत नसेल तर नाल्याच्या तोंडाशीच गाळ बसायला खड्डा आणि पुढे खडी-झाडांचा वाफा करा, पाणी त्यातून जाऊ द्या. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेचं 'फायटोरिड' तंत्र हेच आहे आणि देशात बऱ्याच ठिकाणी चालू आहे. उदयपूरच्या आहार नदीत पात्रातच दगड, काथ्या आणि झाडांचे आडवे बांध घालून 'ग्रीन ब्रिज' केले होते, तेही याच जातीचं काम. बेट हे शेवटचं पॉलिश आहे. नाला बंद झाल्यावरही तळात वर्षानुवर्षांचा गाळ असतो, त्यातून फॉस्फरस सुटत राहतो आणि शेवाळ येतच राहतं. तिथे बेटं कामाला येतात.

आणखी एक. पाणी किमान तीन-साडेतीन फूट खोल असेल तिथेच बेट सोडा. उथळ पाण्यात मुळं तळाच्या गाळात घुसतात. मग पाऊस पडून पातळी वाढली की मुळं सोडत नाहीत आणि बेट पाण्याखाली जातं. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही दोन-चार दणक्यांत. मे महिन्यात टेकलेलं बेट सप्टेंबरात बुडालेलं दिसेल.

कडकभाकरी · सोमवार, रात्री १०:२०

पंधरा माणसं?! म्हणजे आमच्या फक्त वरच्या मजल्याला एक बेट.

बदलीवाला · मंगळवार, सकाळी ६:५०

बँकेच्या बदलीत इंफाळला होतो. लोकताक सरोवरात निसर्गानेच अशी बेटं केलीत, फुमडी म्हणतात. गवत, मुळं, कुजलेला पाला यांचा एक-दोन मीटर जाडीचा थर, त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा पाण्याच्या वर. लोक त्यावर झोपड्या बांधून मासेमारी करतात. पाय टाकला की जमीन खाली दबते आणि चार हातांवरचं गवत हलतं. तिथल्याच फुमडीवर केइबुल लामजाओ हे राष्ट्रीय उद्यान आहे, संगाई हरणाचं घर.

वरच्या प्रतिसादात बेट तळाला टेकणं वाईट म्हटलंय. लोकताकमध्ये उलट आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमडी तळाला टेकायची, मुळं गाळातून अन्न घ्यायची आणि पावसात भरभरून वर यायची. १९८३ साली इथाईचा बंधारा झाल्यावर पाणी बारमाही उंच राहायला लागलं, फुमडीला तळ मिळेनासा झाला, उद्यानातली फुमडी पातळ होत गेली आणि हरणाचं वजन पेलेना. माणसाने बांधलेल्या चौकटीला तो नियम लागू नाही हे मान्य. पण तलावाची पातळी कशी हलते हे वर्षभर बघितल्याशिवाय काही पाण्यात सोडू नये एवढं मी तिथे शिकलो.

ओढ्याचा_इंजिनिअर · मंगळवार, सकाळी ९:००

उत्तम माहिती. फुमडी मोकळी असते, वर यायला तिला कुणी अडवत नाही. आपली चौकट दोऱ्यांनी बांधलेली, त्यात जाळीत गुंतलेली मुळं. फरक तिथे पडतो.

पूर्वभागी · मंगळवार, दुपारी ३:१५

आमच्या भागात यंत्रमाग आणि रंगाई. सूत रंगवताना मिठाची पोतीच्या पोती लागतात, रिॲक्टिव्ह रंग मिठाशिवाय सुतावर चढत नाही. ते सगळं मीठ पाण्यातच जातं. झाडं मीठ काढणार का? उलट जास्त झालं तर कर्दळीच्या पानांच्या कडा जळतात, आमच्या अंगणात बघितलंय. ज्या तलावाला असं पाणी येत असेल तिथे बेटावर पैसे घालू नका, कारखान्याच्या आतच प्रक्रिया व्हायला हवी. हे मी रंगाईच्या घरातला असून सांगतोय.

पाणकोंबडी · मंगळवार, दुपारी ४:००

अगदी बरोबर. क्षार जात नाहीत. रंग थोडा फिका होऊ शकतो, पण तो मोडून काय तयार झालं ते बघावं लागतं. जड धातू मुळांत साठतात, म्हणूनच शहरी तलावातल्या बेटाचा कापलेला पाला गुरांना घालायचा नाही.

गिरणीचा_भोंगा · मंगळवार, संध्याकाळी ६:१०

आमच्या एका मित्राचं म्हणणं, बेटांनी पाणी झाकलं की बाष्पीभवन वाचतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा एकच फायदा मला पटतो. बेचाळीस-त्रेचाळीस अंशात तलाव डोळ्यांदेखत उतरतो.

ओढ्याचा_इंजिनिअर · मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मित्राला सांगा, झाडंही पाणी पितात आणि पानांतून उडवतात. दाट जलपर्णी असलेल्या तलावातून उघड्या पाण्यापेक्षा जास्त पाणी उडतं हे मोजलेलं आहे. लव्हाळा-पाणकणीसही कमी पिणारे नाहीत. सावलीचा फायदा वजा झाडांचा पिण्याचा खर्च, हातात फारसं उरत नाही.

बाल्टिमोर_व्हाया_होटगी · बुधवार, पहाटे ४:३०

आमच्या इथे बंदरात मत्स्यालयाने २०२४ साली १०,००० चौरस फुटांची तरंगती पाणथळ उघडली. आधी काही वर्षं छोट्या नमुन्यांवर हात बसवला. त्यांना कळलेली मुख्य गोष्ट अशी की बेट दरवर्षी जड होत जातं. मुळं वाढतात, गाळ चढतो, शिंपले चिकटतात. म्हणून तरंगायच्या नळकांड्यांत हवा कमी-जास्त करायची सोय ठेवली. आणि ते कुठेही असा दावा करत नाहीत की याने बंदर साफ होईल. मासे, खेकडे, पक्षी यांना काठ मिळावा हा उद्देश. काँक्रीटच्या भिंतींच्या बंदरात काठच उरलेला नाही.

मला वाटतं माळरान यांनीही उद्देश बदलावा. पाणी साफ करायला म्हणून मागाल तर सहा महिन्यांनी कुणीतरी बाटलीत पाणी भरून आणेल आणि विचारेल, कुठे साफ झालं? पक्ष्यांसाठी आणि माशांसाठी म्हणून मागा.

अवांतर: इथे हुरड्याचे फोटो टाकणाऱ्यांवर बंदी घालावी.

शेंगाचटणी · बुधवार, सकाळी ८:००

बंदी कशाला? कुरिअर करतो की, हुरड्यासोबत चटणीपण. कस्टमवाल्यांनी ठेवून घेतली तर आमचं नाव सांगा.

कंबरकाठचा · बुधवार, सकाळी ८:३५

रोज काठावर असतो म्हणून दोन शब्द. तुम्ही लोक सगळे वरून बोलताय, मासे मरतात ते बघायला पहाटे या. आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिलं आणि पाणी हिरवं असलं की पहाटे मासे काठाला येऊन तोंड वर काढून हवा गिळत असतात. ओठ पाण्याच्या वर, गप-गप. मोठे आधी मरतात. ऊन पडलं की उरलेले खाली जातात. ज्यांचं पोट माशावर आहे त्यांना याची किंमत कळते. बेटाचं म्हणाल तर जाळी फेकणाऱ्याला आधी विचारा. तुमच्या दोऱ्यांत आमची जाळी अडकली तर तुमची दोरी कापली जाणार, आमची जाळी नाही. लै सोप्पं आहे.

पाणकोंबडी · बुधवार, सकाळी ९:३०

या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. कारण सांगते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढतं. ढगाळ दिवसांत दिवसाची कमाई कमी, रात्रीचा खर्च तेवढाच. म्हणून पहाटे पाण्यात काही उरत नाही. दुपारी बारा वाजता जाऊन प्राणवायू मोजला तर आकडा मस्त येतो आणि अहवाल छान लिहिता येतो. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू आणि बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही असा आहे. तुमच्या गटाने बेटाआधी एक साधं प्राणवायू मोजायचं किट घ्यावं आणि सूर्योदयापूर्वी मोजावं. नाही तरी तुम्ही सकाळी फिरताच.

भीमाकाठ · बुधवार, दुपारी १२:१०

आणि सिद्धेश्वर तलावाचा विचार डोक्यातून काढा. गड्डा जत्रेची गर्दी, निर्माल्य, गणपती. बेटावर पहिल्याच महिन्यात कुणीतरी नारळ फोडून ठेवेल, पुढच्या महिन्यात हळदीकुंकू, आणि वर्षभरात सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांच्या पुढचं एकोणसत्तरावं लिंग तिथेच सापडेल.

कडकभाकरी · बुधवार, दुपारी १२:२५

मग तर टिकेल की! देवस्थान झालं की कुणी दोरी कापणार नाही.

गिरणीचा_भोंगा · बुधवार, दुपारी १:००

थट्टा पुरे, पण कंबरकाठचा यांनी जे म्हटलं त्यावर कुणीच बोलत नाहीये. नावा त्यांच्याकडे आहेत, पाण्याची माहिती त्यांच्याकडे आहे. कॉलेजची पोरं उद्घाटनाला येतील, सेल्फी काढतील, परीक्षा आली की गायब. जूनमध्ये कापणी, ऑक्टोबरात कापणी, चौकटीला चीर पडली ती बघणं, हे कोण करणार? मी अशी एक कारंज्याची योजना बघितली आहे एका शहरात (नाव घेत नाही). पहिल्या वर्षी रंगीत दिवे, दुसऱ्या वर्षी गंज. वर्गणी काढायचीच असेल तर पाइपाला कमी आणि कापणाऱ्याच्या मजुरीला जास्त काढा.

माळरान · बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज गटात हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. पंधरा माणसांचं गणित आल्यावर एक जण उठून चहा आणायला गेला तो परत आलाच नाही.

ठरलं ते असं. सिद्धेश्वर तलावाचा विषय बंद. कंबर तलावातही लगेच काही सोडणार नाही. हा पावसाळा पहाटेचा प्राणवायू मोजायचा, काठावर फिरून पाणी कुठून कुठून येतं त्याचा नकाशा करायचा, आणि त्यात मैलापाणी दिसलं तर तो नकाशा घेऊन रीतसर अर्ज. त्यासोबत एकच छोटी चौकट, फार तर खाटेएवढी, जाळीवाल्यांना विचारून ते सांगतील त्या जागी. पाणी साफ होण्यासाठी म्हणून नव्हे. आमच्याच्याने दोन कापण्या होतात का ते बघण्यासाठी. झाल्या तर पुढचं. कंबरकाठचा, तुम्ही गटात याल का? किंवा आम्हीच येतो, वेळ सांगा.

कंबरकाठचा · बुधवार, रात्री १०:०५

शुक्रवारी साडेपाचला या. पहाटे हां, संध्याकाळी नाही. बूट घालून येऊ नका. कापायची मजुरी आधी बोलून घेऊ, मागनं भांडण नको.

ओढ्याचा_इंजिनिअर · गुरुवार, सकाळी ७:१५

नकाशा करताना पाऊस नसलेल्या दिवशी फिरा. कोरड्या दिवशी जो पाइप वाहतो तो पावसाच्या पाण्याचा नसतो. फोटोसोबत तारीख-वेळ ठेवा.

पूर्वभागी · गुरुवार, सकाळी ८:४०

कापलेल्या पाल्याचं काय करणार ते ठरवलंत का? काठावर ढीग ठेवलात तर पहिल्या पावसात सगळं परत आत.

पाणकोंबडी · गुरुवार, सकाळी ९:०५

काठापासून लांब खड्ड्यात खत करा, आणि ते भाजीला न वापरता रस्त्याकडेच्या झाडांना घाला. पहिल्या वर्षी तरी.

डाळिंबवाला · गुरुवार, रात्री ९:२०

खाटेएवढ्या चौकटीला पुरतील एवढे पाइपाचे तुकडे माझ्याकडे पडून आहेत, एल्बोसकट. न्यायला गाडी तुमची. लव्हाळा हवा असेल तर तोही ओढ्यातून उपटून देतो, पण पाऊस लागायच्या आत या, नंतर ओढ्यात पाय ठरत नाही. आणि येताना चिरलेला पाइप तपासायला एक टब आणा, आमच्याकडचा म्हशीने फोडला.